शेवटच्या पानाआधीची बाई

१. नायिका नमते, मग नवं काय?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी गोष्टी वाचायला घेतल्या की चौथ्या-पाचव्या गोष्टीलाच वाचक अडखळतो. या काळात मराठी कथेत शिकलेली, विचार करणारी स्त्री आली, असं त्याने प्रस्तावनांत वाचलेलं असतं. गोष्ट उघडावी तर ती स्त्री आलेली असतेही. पाटीवर अक्षरं गिरवते, मासिक वाचते, नवऱ्याला एखादा अडचणीचा प्रश्न विचारते. पण शेवटच्या पानावर ती आजारी तरी पडते, पश्चात्ताप तरी करते, नाहीतर सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडते, आणि घर पुन्हा सुखी होतं. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये उभ्यानं मुंबई गाठणारी, संध्याकाळी त्याच गाडीनं परतणारी वाचक बाई या शेवटावर वैतागली तर नवल नाही. तिचा प्रश्न सरळ आहे. शेवटी नमायचंच होतं तर या बाईला शिकवलं कशाला, आणि असल्या गोष्टींना बदलत्या स्त्रीच्या गोष्टी का म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे. गोष्टीचं म्हणणं तिच्या शेवटात असतं, असं आपण धरून चालतो. बोधकथेच्या बाबतीत ते खरंही आहे. ससा-कासवाच्या गोष्टीचा शेवट काढून टाकला तर हातात दोन जनावरं उरतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी कथेला मात्र हा नियम लावला की फसगत होते. कल्याणच्या फलाटावर ‘खोपोली’ अशी पाटी लागली म्हणून डब्यातले सगळे खोपोलीला निघालेले नसतात. कुणी उल्हासनगरला उतरतं, कुणी अंबरनाथला, बरेचसे बदलापूरला. पाटी गाडीची असते, उतारूंची नसते. त्या काळच्या गोष्टीचा शेवट बहुतेक वेळा अशी पाटी असतो. गाडी कुठवर जाणार हे समाजाला कळवण्यासाठी ती लावावी लागत होती. आतली बाई कुठे उतरली, हे मधल्या स्थानकांवर पाहावं लागतं. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे. ते पटवण्यासाठी आधी या गोष्टी छापून कशा निघत आणि कोणाच्या हाती पडत, हे पाहू.

२. गोष्ट आधी कोण वाचत होतं?

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘स्फुट गोष्टी’ या नावाने आजूबाजूच्या घरांमधल्या साध्या माणसांच्या लहान गोष्टी लिहिल्या. पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी मुंबईत ‘मनोरंजन’ मासिक काढलं. (मूळचे हे आजगावकर, बंगालीवरच्या प्रेमापोटी त्यांनी मित्र हे आडनाव घेतलं. त्या पिढीचं साहित्यप्रेम कुठवर जाई, याचा हा एक मासला.) १९०९ चा ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक हा मराठीतल्या दिवाळी अंकांच्या परंपरेचा आरंभ मानला जातो. तोवर वाचकांना क्रमशः कादंबऱ्यांची सवय होती, म्हणजे महिन्याला एक तुकडा. एकाच अंकात संपणाऱ्या गोष्टीला त्यामुळे मुद्दाम ‘संपूर्ण गोष्ट’ असं लेबल लावत. वि. सी. गुर्जर हे या संपूर्ण गोष्टीचे बिनीचे लेखक. आज ज्याला आपण लघुकथा म्हणतो तिचं हे बाळपणीचं नाव आहे, आणि ते शब्दशः घेण्यासारखं आहे. एका बैठकीत, एका अंकात सगळं मार्गी लावून द्यायचं, कुणाला लटकत ठेवायचं नाही, असा करार त्या दोन शब्दांतच होता.

आता हा करार कुणाशी होता ते पाहा. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात साक्षर बायकांचं प्रमाण होतं १.०५ टक्के. म्हणजे शंभरात जेमतेम एक. पुरुषांत ते १०.५६ होतं. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत आकडा याहून बरा असणार हे धरलं, तरी मासिकाची वर्गणी भरणारा, टपालातून आलेला अंक फोडणारा आणि तो माजघरात जाऊ द्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस बहुधा घरातला पुरुष होता. गोष्ट बाईसाठी लिहिलेली असो वा बाईने लिहिलेली असो, ती दारातल्या या माणसाच्या हातावरून पुढे जाई. अनेकदा तोच ती घरात मोठ्याने वाचून दाखवी.

बहिणीला दिवाळीसाठी माहेरी न्यायला आलेला भाऊ दारात पाऊल टाकताच मुद्द्याला हात घालत नाही. आधी सासूची प्रकृती विचारतो, पावसापाण्याचं बोलतो, चहा पितो, तिच्या हातच्या चकलीची तारीफ करतो. बहीण नेता येईल की नाही, हे त्या बोलण्यावर ठरतं. गोष्टीच्या शेवटाचं काम काहीसं असंच होतं. तो वडीलधाऱ्यांना दिलेला मान होता, आणि त्या मानाच्या आड काही सामान घरात पोचत होतं. हे सामान काय, ते ओळखायला चार साधे प्रश्न पुरतात.

३. जागा, वेळ, पैसा, आवाज

पहिला प्रश्न जागेचा. बाई घरात नेमकी कुठे उभी आहे? जुन्या वाड्याची रचना डोळ्यांसमोर आणा. पुढे ओसरी, मग माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर, मागे परसदार. पुरुषांचं जग ओसरीवर, बायकांचं माजघरापासून आत. ओसरीवर कोण आलं, काय ठरलं हे बाईला दाराआडून ऐकावं लागे. आता हेच कुटुंब गिरगावातल्या चाळीत आणा. एक किंवा दोन खोल्या, समोर सज्जा. माजघर गेलं. नवऱ्याचा मित्र आला तर बाई जाणार कुठे? ती तिथेच चुलीपाशी असते आणि सगळं ऐकते. कधीतरी एखादा शब्द बोलूनही जाते. लेखकाने स्त्रीस्वातंत्र्यावर एक अक्षर लिहिलेलं नसलं, तरी गोष्ट वाड्यातून चाळीत हलली एवढ्यानेच बाईच्या कानावर पडणारं जग बदलतं. म्हणून गोष्ट वाचताना घराचा नकाशा मनात काढावा. दार कुठे, बाई कुठे, आणि गोष्ट संपेपर्यंत ती किती पावलं पुढे आली?

दुसरा प्रश्न वेळेचा. तिच्या दिवसातला कोणता तास तिचा स्वतःचा आहे? पहाटे दळण, मग पाणी, स्वयंपाक, जेवणं, उष्टी-खरकटी, संध्याकाळची दिवाबत्ती या रगाड्यात दुपारचे दोन तास कधीकधी सुटे राहतात. गोष्टींतल्या बायका बहुतेक या दुपारीच वाचतात, पत्र लिहितात, शेजारणीशी बोलतात. दुपार कोणी हिरावून घेतली की गोष्टीत संकट येतं. तिसरा प्रश्न पैशाचा. तिच्या हातात पैसा आहे का, असला तर कुठून आला, आणि तो ती कशावर खर्च करते? स्त्रीधन म्हणून अंगावर असलेले दागिने तिचे म्हणायचे, पण अडीअडचणीला ते गहाण टाकण्याचा निर्णय कोण घेतं, हे पाहिलं की ‘तिचे’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. चौथा प्रश्न आवाजाचा. गोष्ट कोण सांगतं आहे? सगळं जाणणारा लेखक, नवऱ्याचा मित्र, की ती स्वतः?

४. एक उदाहरण सोडवून पाहू

एक काल्पनिक गोष्ट घेऊ. ती कोणत्याही एका लेखकाची नाही. त्या काळच्या साच्यावर इथे बेतली आहे. यमुना सोळा वर्षांची, नवरा मुंबईत कारकून, बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीत. नवऱ्याने हौसेने तिला वाचायला शिकवलं आहे. दुपारी ती शेजारच्या दोन मुलींनाही अक्षरं गिरवायला लावते. हे कळल्यावर जवळच्या मुलींच्या शाळेतून विचारणा होते की महिना दहा रुपयांवर शिकवायला याल का. त्याच सुमारास गावाहून सासूबाई येतात. बोलणी, टोमणे, नवऱ्याची कुचंबणा. यमुना आजारी पडते. सासूबाई रात्रंदिवस उशाशी बसून तिला बरं करतात. यमुनेचे डोळे उघडतात, शाळेचा नाद ती सोडते, आणि वर्षाच्या आत घरात पाळणा हलतो. संपूर्ण गोष्ट.

शेवटावरून निकाल लावला तर ही सुधारणेच्या विरोधातली गोष्ट आहे. आता चार प्रश्न लावा. जागा चाळीची आहे, म्हणून तर शेजारच्या मुली तिच्यापाशी आल्या. वाड्यात त्यांना परसदारातून यावं लागलं असतं आणि सासूची परवानगी लागली असती. वेळ दुपारची आहे. यमुनेने नवऱ्याचा किंवा चुलीचा एक मिनिटही चोरलेला नाही, हे लेखकाने बारकाईने नोंदवलं असेल तर तो तिच्या बाजूने पुरावा जमवतो आहे, भले निकाल विरुद्ध देणार असेल. पैसा पाहा. दहा रुपयांचं काय करायचं हे यमुना मनात ठरवते. समजा, विधवा आईला दर महिन्याला दोन रुपये पाठवायचे, असं तिच्या मनात येतं. हे एक वाक्य फार मोठं आहे. लग्न झालेल्या मुलीने माहेरी पैसे पाठवणं रूढीत बसत नव्हतं, कारण मुलगी दिली की दिली. गोष्टीने ही कल्पना वाचकाच्या डोक्यात सोडली आणि मग यमुनेला आजारी पाडलं. यमुना बरी झाली. डोक्यात शिरलेली कल्पना बाहेर निघते का? आवाजाचं म्हणाल तर गोष्ट सर्वज्ञ लेखकाची आहे, पण पैशाच्या विचाराच्या वेळी तो यमुनेच्या मनात शिरतो आणि पश्चात्तापाच्या वेळी बाहेर उभा राहून तिचे अश्रू वर्णन करतो. कोणता भाग आतून लिहिला आणि कोणता बाहेरून, हा फरक लेखकाला स्वतःला कळला असेलच असं नाही. वाचकाला मात्र तो दिसतो.

आणखी एक हिशेब करावा, तोही साधा आहे. पानं मोजावीत. सात पानांच्या गोष्टीत साडेसहा पानं यमुनेच्या शिकण्याची, शिकवण्याची आणि घुसमटीची, आणि शेवटचं अर्धं पान समेटाचं. साडेसहा पानं वाचताना ती दुपारची बाई वाचकाच्या ओळखीची होते. उरलेल्या अर्ध्या पानाने दारातला माणूस निश्चिंत होतो.

५. आडवी येते ती सासूच का?

या गोष्टींत बाईच्या शिक्षणाला विरोध करणारं माणूस बहुधा बाईच असतं, म्हणजे सासू, आत्या, चुलत सासू, सोवळ्यातली आजी. नवरा सुधारक आणि सासू खलनायिका, ही मांडणी इतक्या वेळा येते की पुरुष लेखकांनी स्वतःच्या जातीला सोयीस्करपणे वाचवलं, असा संशय येतो. संशयात तथ्य आहे. पण मांडणी पूर्ण बनावट नव्हती. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत न्यायमूर्ती रानडे बायकोला शिकवताहेत व घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला त्यासाठी छळताहेत, हे चित्र प्रत्यक्ष भोगलेल्या बाईने काढलं आहे. तेव्हा सासू खरीच आडवी येत होती. प्रश्न आहे तो का, हा. आणि तो गोष्ट विचारत नाही, आपल्याला विचारावा लागतो.

सासूला तेच चार प्रश्न लावले की उत्तर सापडतं. तिच्या आयुष्यात जागा एकच होती, माजघर आणि स्वयंपाकघर. तिथे सून म्हणून पंधरा-वीस वर्षं खालमानेने काढल्यावर तिला तिथलं राज्य मिळालं. त्या राज्यात तिची प्रजा एकच, नवी सून. ही सून चार बुकं शिकून ओसरीकडे निघाली, तर म्हातारीच्या पदरी काय राहिलं? पैसा तर तिच्या हाती कधी नव्हताच. ती विधवा असेल तर केशवपन आणि लाल आलवण यांची किंमत मोजून तिने घरातला कोपरा राखलेला असे. एकत्र हिंदू कुटुंबात विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मर्यादित का होईना, हक्क देणारा कायदा १९३७ चा आहे. त्याआधीच्या गोष्टींत सासूचा जाच वाचताना हे साल लक्षात ठेवलं तर तिचा तळतळाट वेगळा ऐकू येतो. अशी गोष्ट सून बदलल्याची असते, तशीच बदल ज्यांच्या वाट्याला उशिरा आला त्यांचीही असते. लेखकाने सासूला दुष्ट ठरवून काम सोपं केलं. ते सोपं आहे म्हणून आपणही तिथेच थांबायचं कारण नाही.

६. हे आजचं डोकं तिकडे घालणं नव्हे काय?

या सगळ्या वाचनावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की शेवट सोडून मधलं वाचायचं ठरवलं तर कोणत्याही गोष्टीतून काहीही काढता येईल. लेखक खरोखरच सनातनी असेल, बाईने घर सांभाळावं असंच त्याला मनापासून वाटत असेल, तर त्याच्या तोंडी आपली मतं कशाला कोंबायची? याचं उत्तर असं की इथे आपण लेखकाच्या मताचा शोध घेतच नाही. लेखक सनातनी असू शकतो. पण शिकलेल्या सुनेची फजिती दाखवायला त्याला आधी शिकलेली सून दाखवावी लागते. तिचं पुस्तक, तिची दुपार, तिची उत्तरं कागदावर उतरवावी लागतात. त्या वर्णनासाठी तो आजूबाजूच्या घरांतून जे उचलतो, ते त्याच्या मतापेक्षा जास्त बोलतं. शिवाय पडताळ्याची सोय आहे. गोष्टीतला तपशील त्याच काळच्या आठवणींशी ताडून पाहावा, रमाबाईंच्या किंवा पुढे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’शी. एकाच गोष्टीवरून काही ठरवू नये. दहा-वीस गोष्टींत तोच तपशील पुन्हा येतो का, ते पाहावं.

नायिकेच्या वयाचं उदाहरण घ्या. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, त्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. शारदा कायदा १९२९ चा, तो १९३० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. या दोन सालांच्या मधल्या गोष्टी ओळीने वाचल्या तर नायिकेचं लग्नाचं वय हळूहळू वर सरकताना दिसतं, आणि पंधरा-सोळाच्या मुलीला ‘घोडनवरी’ म्हणणारं पात्र आधी गंभीर असतं, पुढे हास्यास्पद होतं. हा बदल लेखकाच्या बोधावर अवलंबून नाही. कोणत्या वाक्याला हसायचं, याची वाचकांची सवयच बदलली आहे.

७. आवणीतल्या बायकांचं काय?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि कल्याणच्या पुढच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला तो आपसूक सुचावा. या गोष्टींतली बाई म्हणजे कोण? पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा, बहुतेक ब्राह्मण घरातली. मुंबईहून पुण्याला जाणारी तिची गाडी अंबरनाथ-बदलापूरवरून जाई. हा लोहमार्ग खोपोलीपर्यंत १८५६ मध्येच आला होता, आणि बोरघाट ओलांडून १८६३ पासून पुण्याला जोडलेला होता. डब्याच्या खिडकीतून तिला आषाढात भाताच्या खाचरांत वाकून आवणी करणाऱ्या कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी बायका दिसत असणार. त्या बायकांना माजघर नव्हतं, दुपार नव्हती, आणि घराबाहेर काम करावं की नाही हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. अंबरनाथला १९२० च्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला आणि शिवमंदिराच्या या गावाला भोंग्याचं वेळापत्रक लागलं. ‘बाई कमावती झाली’ ही बातमी मासिकांनी दिली तेव्हा असंख्य बायका पिढ्यान्‌पिढ्या कमावतच होत्या.

आक्षेप मान्य करायला हवा, आणि त्याने या गोष्टींची किंमत कमी होण्याऐवजी त्यांची हद्द आखली जाते. ‘बदलती भूमिका’ हा शब्द ज्या घरात भूमिका आधी गोठवली होती, तिथेच लागू पडतो. मासिकातली नायिका पहिलं पत्र वाचायला शिकत होती, त्याच दिवसांत, १९०८ पासून, सत्यशोधक चळवळीतल्या तानूबाई बिर्जे ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र संपादित करत होत्या. मातंग समाजातल्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला तो तर १८५५ मध्ये. बाहेरच्या जगात हे घडून गेलं होतं आणि कथेला त्याचा पत्ता नव्हता. गिरणीतली बाई मराठी कादंबरीत ठळकपणे आली ती वरेरकरांच्या ‘धावता धोटा’त, १९३३ मध्ये. गोष्टीतून समाज वाचताना म्हणूनच पाचवा प्रश्न जोडावा लागतो. या पानावर कोण नाही? यमुनेच्या खोलीत भांडी कोण घासतं, तिला नाव आहे का?

उल्हासनगरच्या वाचकासाठी या आक्षेपाला आणखी एक पदर आहे. या गोष्टी लिहिल्या गेल्या तेव्हा उल्हासनगर नावाचं गाव नव्हतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळालं. पण त्या घरांनी सोबत आणलेल्या भाषेत हीच चर्चा आधी होऊन गेली होती. मिर्झा कलीच बेग यांची ‘झीनत’ ही सिंधी कादंबरी १८९० ची, म्हणजे ‘करमणूक’च्या जन्मवर्षाची, आणि तिची नायिका शिकलेली मुसलमान स्त्री आहे. छावणीत घराचा नकाशाच पुसला गेला. बराकीत पडदा लावून खोली करायची, तिथे ओसरी कुठली आणि आतलं दालन कुठलं? पापड-लोणच्याच्या विक्रीवर ज्या घरांचं चूल-पाणी चाललं, तिथे पैशाचा प्रश्न गोष्टीत यायच्या आधी ताटात आला होता. सुंदरी उत्तमचंदानी आणि पोपटी हीरानंदानी, दोघी १९२४ च्या, फाळणीनंतर सिंधीत ज्या कथा लिहू लागल्या त्या मराठी कथांशेजारी ठेवून वाचल्या तर एक विलक्षण फरक कळतो. एका ठिकाणी बदल मासिकातून, वादातून, हळूहळू आला. दुसऱ्या ठिकाणी तो एका रात्रीत, बोचक्यासकट आला.

८. पाटी बदलते

शेवट ही दारातल्या माणसासाठी लावलेली पाटी असेल, तर तो माणूस दूर झाल्यावर शेवट बदलायला हवा. नेमकं तेच झालं, आणि या प्रकरणातल्या युक्तिवादाचा हा सगळ्यात बळकट पुरावा आहे. काही ठिकाणी हा बदल लवकर झाला. बेगम रोकेया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या मासिकात आली. तिच्यात एकच गोष्ट उलटी केली आहे, जागेची. पुरुष पडद्याआड आणि बायका रस्त्यावर. एवढ्याने युद्धं थांबतात, यंत्रं चालतात, राज्य सुखी होतं. स्वप्न असल्याने शेवटी जागं व्हावं लागतं, पण कुणाची क्षमा मागावी लागत नाही. रवींद्रनाथांची ‘स्त्रीर पत्र’ १९१४ ची. तिथे आवाज उलटा केला आहे. गोष्ट म्हणजे पंधरा वर्षं संसार केलेल्या मृणालचं नवऱ्याला पत्र, पुरीहून लिहिलेलं, आणि ती परत येत नाही. मराठीतही राज्य उलटवून पाहण्याचा खेळ झाला. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘बायकांचे बंड’ हे नाटक लिहिलं, त्याला गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिलं. काशीबाई कानिटकरांच्या ‘पालखीचा गोंडा’ या १९२८ च्या कादंबरीत संस्थानाचा कारभारच बाईच्या हाती आहे. काशीबाई स्वतः लग्नानंतर, घरच्यांच्या नजरा चुकवत वाचायला शिकल्या होत्या.

कथेत मात्र कोंडी फुटायला तिसरं दशक संपावं लागलं. त्या आधी दोन गोष्टी जमून आल्या होत्या. कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ ला निघालं, त्यातून शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या कमाईतून पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्या बायकांची लहानशी का होईना पिढी तयार झाली. आणि १९३० मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढलं, तेव्हा वर्गणीदाराच्या जागी बाईचं नाव येऊ लागलं. आनंदीबाई शिर्के यांचा ‘कथाकुंज’ १९२८ चा आहे. आणि १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं.

या संग्रहातल्या मुली यमुनेच्या पुढच्या पिढीच्या आहेत. शिकलेल्या, नोकरीतल्या, वय वाढत चाललेल्या, लग्न न झालेल्या. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे एका कथेचं नावच पाहावं. यमुनेच्या मनात दोन रुपये माहेरी पाठवायचं आलं तेव्हा ते धाडस होतं. इथे मुलीच्या पगारावर माहेर चालू शकतं, आणि त्यामुळे निघालेला नवा पेच नावातच उभा आहे. बाई पैसा कमावते का, हा जुना प्रश्न मिटला; तिच्या पैशावर तिला अडकवून कोण ठेवतं, हा नवा आला. नाव प्रश्नचिन्हाने संपतं. ‘संपूर्ण गोष्ट’ या लेबलाखाली असं नाव देणं अवघड होतं.

पुस्तकावर गहजब झाला. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव आहे हे उघडच होतं, आणि ही बाई कोण, बाई तरी आहे की पुरुष, याचा शोध घेण्यात वाचक आणि टीकाकार गुंतले. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या. लोकांनी गोष्टींच्या शेवटावर फारसा वाद घातला नाही. त्यांना टोचलं ते हे की माजघरातलं बोलणं आतूनच कुणीतरी बाहेर सांगितलं होतं.

जुनी मासिकं आज सहज मिळत नाहीत, पण बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’सारख्या, दुर्मीळ मराठी ग्रंथ जपणाऱ्या वाचनालयामुळे या पट्ट्यातल्या वाचकाची सोय इतरांहून बरी आहे. जुन्या वर्षाचा बांधीव खंड हाती आला तर गोष्ट तेवढी शोधून वाचू नये. तिच्या मागच्या-पुढच्या जाहिरातीही पाहाव्यात. केसांचं तेल, शिवणयंत्र, बाळंतकाढा, मुलींसाठीची पुस्तकं असं काय काय तिथे विकायला ठेवलेलं असतं, आणि ‘मागवा’ हा शब्द कुणाला उद्देशून आहे, नवऱ्याला की बायकोला, हे साल दर साल नोंदत गेलं की यमुनेच्या हाती पहिला रुपया साधारण कधी आला, त्याची तारीख हातांनी शोधता येते.